विरळणीची भाजी

त्या दिवशी भाजीवाल्याने वर कोथिंबीर टाकली नाही. वांगी तोलून झाली, बटाटे पिशवीत पडले, पैसे दिले, आणि मी नेहमीप्रमाणे पिशवीचं तोंड उघडं धरून उभा राहिलो. बेलवलीच्या नाक्यावर हा माणूस गाडी लावायला लागल्यापासून मी त्याच्याकडून भाजी घेतो, आणि पिशवी अशी उघडी धरून उभं राहणं हा त्या व्यवहाराचा शेवटचा भाग. मग तो माझ्याकडे न बघता डाव्या हाताने कोथिंबिरीच्या चार काड्या आणि एकदोन मिरच्या वर टाकतो, मी पिशवी मिटतो, संपलं. त्या दिवशी तो सरळ पुढच्या बाईकडे वळला. मी उभाच. बाईने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या उघड्या पिशवीकडे पाहिलं. "और कुछ, मास्टर?" तो म्हणाला. "नाही," मी म्हणालो आणि पिशवी मिटली. मिटताना माझे कान तापले होते. चार काड्यांसाठी माणसाचे कान तापावेत याचं मला स्वतःलाच नवल वाटलं, आणि घरापर्यंतच्या वाटेवर मी फक्त त्याचाच विचार करत राहिलो. कोथिंबीर महागली असेल. पण मग त्या बाईला दिली का? मला वळून बघायला हवं होतं. दिली असेल तर कारण महागाई नाही, मीच. म्हणजे त्याला कळलंय की काय?

कळणार कसं, हाही प्रश्न होताच. मी कॅम्प तीनला मुकेशच्या गाळ्यात जीन्सचा कटिंग मास्टर. कोऱ्या डेनिमचा रंग हाताला लागतो, आणि वर्षानुवर्षं लागत राहिला की नखांत जाऊन बसतो. साबण, लिंबू, रॉकेल, कशाने निघत नाही. आमच्या लग्नात संध्याच्या मावशीने माझ्या हातावर अक्षता ठेवताना दचकून विचारलं होतं, मुलाला काही आजार तर नाही ना. पुढे मला त्या निळ्या नखांची सवय झाली. इतकी की दुसऱ्यांची नखं मला आजारी वाटायला लागली. गाळ्यातल्या मशिनी एकेक करून थंडावल्या आणि मुकेशने मला "मास्टर, फोन करेगा मैं" म्हणून घरी बसवलं, तेव्हापासून नखं बुडाकडून साफ निघायला लागली. आधी तांदळाएवढी पांढरी कड आली. मग ती वर सरकत गेली आणि निळं टोकाला ढकललं गेलं. मी नखं कापायचो तेव्हा निळंच कापलं जायचं. पैसे देताना भाजीवाल्याने ते पाहिलं असेल का? हा मूर्खपणा आहे हे मला कळत होतं. भाजीवाला कशाला कुणाची नखं बघतो. तरी घरी येऊन मी पिशवी ओट्यावर ठेवली, मसाल्याच्या डब्यातून मूठभर धणे घेतले आणि संध्याच्या जुन्या तुळशीच्या कुंडीत पेरून टाकले.

ते उगवलेच नाहीत. मी रोज बघायचो, संध्या मला बघायची, आणि प्रगती, आमची मुलगी, कॉलेजला निघताना आम्हा दोघांना बघून हसायची. शेवटी संध्याने वांगणीला तिच्या आईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. बनूबाईंना हसू आवरेना. "जावईबुवा, आख्खं पेरलं? चपलेखाली रगडायचं अवो. एकाचं दोन व्हतात, मग उगवतंय." मी एक धणा बोटांत धरून दाबला. तो मधोमध फुटला, दोन सारखे अर्धे झाले. आयुष्यभर ही वस्तू आमटीत खाल्ली आणि ती मुळात जोडलेली असते हे मला माहीत नव्हतं. पँटचा पुढचा भाग आणि मागचा भाग शिवणीत जोडलेला असावा तशी. त्या दुपारी मी सगळे धणे एकेक करून फोडले. रगडले असते तर मिनिटात काम झालं असतं, पण मला प्रत्येकाच्या आतलं बघायचं होतं. आणि खरं सांगायचं तर दुसरं कामही नव्हतं.

पुढचं सगळं त्या धण्यांतून निघालं. कोथिंबीर उगवते तर मेथी का नाही, मुळा का नाही. गच्चीवर ऊन होतं, बिल्डिंगमध्ये कुणाची हरकत नव्हती, फक्त कुंड्या नव्हत्या. मी मुकेशकडे गेलो. गाळ्यात कोपऱ्यात उरलेलं कापड पडून होतं, कोरं, कडक, अजून पाणी न लागलेलं. मुकेश गल्ल्यावर पाय सोडून बसला होता. "ले जा मास्टर, सगळं ने. माणसं नाहीत, कपडा बसलाय इथे भाडं न देता," तो म्हणाला आणि हसला, आणि हसता हसता नजर दुसरीकडे वळवली. वाईट माणूस नाही तो. मीही वाईट वाटून घेतलं नाही, निदान तेव्हा तरी. घरी येऊन खडू काढला. किती महिन्यांनी हातात खडू आला आणि हात आपोआप सरळ झाला. संध्याच्या शिलाई मशीनवर मी पिशव्या शिवल्या, तळाला चौकोनी, कडेला दुहेरी टीप. काही पिशव्यांना तर सवयीने खिसे लावले. प्रगती म्हणाली, "पप्पा, मेथी मोबाइल ठेवणारे का?" सासूबाईंच्या बांधावरची माती गोणीतून आली, फडक्याच्या गाठीत बांधून बी आलं. लाल माठ, मुळा, मेथी. माठाचं बी इतकं बारीक आणि काळं चकचकीत, की तळहातावर घेतल्यावर श्वास रोखावा लागतो.

आता माझा एक दोष आहे, तो इथे सांगितला पाहिजे. कापडावर जागा सुटली की माझ्या पोटात दुखतं. कटिंग मास्टरची सगळी अक्कल त्यातच असते: थानावर पाय, कंबर, खिसे असे मांडायचे की मध्ये चिंधी म्हणून काही उरू नये. लोक चित्र बघतात तशी मी जागा बघतो. तर मातीतही मी तसंच केलं. मुळ्याच्या दोन ओळींमध्ये जागा दिसली, तिथे माठ टाकला. माठात मोकळं दिसलं, तिथे मेथी. कडेला बोटभर उरलं, तिथे अजून माठ. पेरून झाल्यावर मी मागे सरकून बघितलं आणि मला फार समाधान वाटलं. एवढंसंही वेस्टेज नव्हतं. मग झारीने पाणी घातलं आणि पिशव्यांच्या तळातून निळं पाणी बाहेर आलं.

गच्चीला नुकताच पांढरा रंग दिला होता. त्याच्यावरून ते पाणी बारीक धार धरून निघालं, वळलं, दुसऱ्या पिशवीच्या धारेला मिळालं आणि सगळं मिळून पन्हाळीकडे गेलं. मला ते बघायला आवडलं, हे मी नाकारत नाही. इतक्या महिन्यांनी निळं दिसलं होतं. मी वाकून बोट लावलं आणि नखाकडे पाहिलं. मागे वळलो तर संध्या वाळलेले कपडे काढायला आली होती आणि धारेकडे बघत उभी होती. तिने पाय मागे घेतला. संध्याकाळी ताटं वाढताना म्हणाली, "तुम्ही लावा काय लावायचं ते. तुमचा वेळ जातो, चांगलं आहे. पण त्या पिशव्यांतलं मी घरात शिजवणार नाही. पोरीच्या ताटात तर नाहीच."

मला कारण विचारावं लागलं नाही. लग्नानंतर आम्ही कॅम्प एकमध्ये भाड्याच्या खोलीत राहायचो, आणि मागच्या दाराला नाला होता. त्याचा रंग रोज वेगळा. कधी निळा, कधी काळसर, कधी तांबूस. आम्ही गंमत म्हणून म्हणायचो की नाला बघितला की बाजारात कुठल्या रंगाची पँट चाललीय ते कळतं. त्या नाल्याच्या काठावर संध्याने अळू लावलं होतं. वांगणीच्या घरामागे होतं तसं, आठवण म्हणून. आणि काय वाढलं ते! सुपाएवढी पानं. शेजारणी बघायला यायच्या. संध्याने वड्या केल्या, फतफतं केलं, आणि प्रगती तेव्हा बालवाडीत जात होती, तिला पहिलं वाढलं. मला अजून संध्याचा तो आवाज आठवतो, "खा गं सोन्या, आपल्या घरचं आहे." दुसऱ्या दिवशी पोर दवाखान्यात, हाताला सलाईन. डॉक्टर म्हणाले, असंच काहीतरी खाण्यात आलं असेल, सांगता येत नाही. अळूच होतं असं कुणी सिद्ध केलं नाही. पण संध्याने घरी येऊन ते सगळं मुळासकट उपटलं, आणि त्यानंतर आमच्या घरात अळू आलं नाही. बाजारचंसुद्धा नाही. तिने कधी तो विषय काढला नाही, म्हणून मीही काढला नाही, आणि असा न काढलेला विषय पंधरासोळा वर्षं आमच्यासोबत खोल्या बदलत बेलवलीपर्यंत आला.

तरी मला लागलं. इतकं लागेल असं वाटलं नव्हतं. मला वाटत होतं, आपण घरात काही आणत नाही, तर निदान एक जुडी आणू. आपल्या हातचं या दोघींच्या ताटात पडू दे. मला दुसरं काही नको होतं, आणि नेमकं तेवढंच ती नको म्हणत होती. पण तिच्यावर रागावताही येईना, कारण मलाही माहीत नव्हतं. निळं रोपात चढतं का? मुळं पाणी पितात, मग रंग पितात की सोडून देतात? मी लहानपणी शिकलो असेन तर आठवत नव्हतं. मी कापडाचे तुकडे बादलीत भिजत घातले. पहिलं पाणी गडद, दुसरं कमी, मग फिकट, मग आणखी फिकट, पण अगदी स्वच्छ कधीच नाही. प्रगतीने मोबाइलवर बघून सांगितलं की कुणी म्हणतं काही होत नाही, कुणी म्हणतं रंग कसला त्यावर आहे. रंग कसला ते मला कुठे माहीत होतं. एवढी वर्षं मी त्याला नुसतं निळं म्हणत आलो होतो.

रोपं मात्र आली. आणि आली ती गर्दी करून आली. पिशवीत माती दिसेना. मला वाटलं, वा! पण थोड्याच दिवसांत ती सगळी उंच, बारीक, पिवळट व्हायला लागली, एकमेकांच्या खांद्यावरून बघितल्यासारखी. तेवढ्यात बनूबाई आल्या, लेकीकडे चार दिवस म्हणून. गच्चीचा जिना चढून आल्या, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आवो, ह्ये काय क्येलंय? येवढी दाटी? आनि ह्या पिशवीला खिसा कशाला हाय?" मी म्हटलं, "आई, जागा फुकट जाऊ नये म्हणून." त्या माझ्याकडे नीट बघत राहिल्या, जावयाला वेड लागलं की काय ते ताडून पाहत असाव्यात तशा. मग खाली बसल्या आणि उपटायला लागल्या. सरळ, बघता बघता, ह्यातलं एक, त्यातलं दोन. मला बघवेना. "आई, चांगलं आहे ते." "चांगलंच हाय की. समदीच चांगली हायत. पन समदी ऱ्हायली तर एक बी वाढत नाय." मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. त्या निवड अशी करतच नव्हत्या. हे वाईट म्हणून उपटलं, ते चांगलं म्हणून ठेवलं, असं काही नव्हतं. हाताला आलं ते आलं. मला मुकेशचा गाळा आठवला. आम्ही ओळीने बसायचो, तिघांना त्याने घरी बसवलं, दोघांना ठेवलं, आणि मी महिनोन् महिने डोकं खाजवत होतो की माझ्यात काय कमी होतं. बनूबाई उपटलेलं प्रत्येक रोप मांडीवर आपटून माती झटकत होत्या आणि पदरात ठेवत होत्या. "टाकायचं नाय बरं," त्या म्हणाल्या, "विरळनीची भाजी लई ग्वाड लागते. आमच्याकडं पयली भाजी हीच." उपटलेलं टाकायचं नसतं हे ऐकून मला एकदम बरं वाटलं. का ते मी फार उकरलं नाही.

पदर भरून लाल कोवळा माठ खाली आला आणि संध्याने तो आईच्या हातातून घेतला. "ठेव इथे. मी बघते." बनूबाई गेल्यावर विरळणी मी करायला लागलो. दर दोनतीन दिवसांनी हात मातीत घालायचा, डोळे दुसरीकडे ठेवायचे, उपटायचं. खाली आणून टोपली ओट्यावर ठेवायची. संध्या म्हणायची, "द्या, टाकते." मी देत होतो. कचऱ्याच्या डब्याकडे मी बघायचो नाही. मुळा बोटभर झाल्यावर मी एक उपटून आणला आणि तिच्यासमोर विळीवर मधोमध चिरला. आत पांढरा. स्वच्छ पांढरा, थेंबभर निळं नाही. "बघ," मी म्हणालो. तिने वाकून पाहिलं, वास घेतला. "त्या अळूत तरी रंग कुठे दिसला होता," ती म्हणाली. पंधरासोळा वर्षांत पहिल्यांदा तिने तो शब्द उच्चारला होता. मी मुळ्याचे दोन्ही अर्धे उचलले आणि वर जाऊन एकटा उभा राहून खाल्ले. तिखट होता, डोळ्यात पाणी आलं.

याच सुमाराला मला एक गोष्ट दिसली आणि मी ती कशाशीच जोडली नाही. मोरीत ताट विसळलेलं पाणी कधीकधी गुलाबी असायचं. एकदा संध्याने माझ्या हातात चहाचा कप दिला तेव्हा तिच्या बोटांची टोकं गुलाबी दिसली. मला वाटलं कुंकू असेल, किंवा बीट. आयुष्यभर मी स्वतःच्या बोटांचा रंग बघत आलो, दुसऱ्याच्या बोटांचा रंग कशाने येतो हा विचार करायची मला सवय नव्हती.

मग मुकेशचा फोन आला. "मास्टर, आजा, छोटा काम है." मी शर्ट इस्त्री केला. संध्याने डबा दिला. कॅम्प तीनमध्ये गल्ल्या तशाच भरलेल्या, हातगाड्या, गठ्ठे, शेअर रिक्षावाले माणसं कोंबतायत. फक्त आमच्या गाळ्यात आवाज नव्हता. काम म्हणजे एकच सॅम्पल होतं. मी टेबलावर कापड पसरलं, खडू उचलला, आणि पहिल्यांदाच मांडणी करताना मध्ये मोकळी जागा सोडली गेली. मुकेश म्हणाला, "क्या मास्टर, हाथ भूल गया क्या?" मी हसून पुन्हा मांडलं. दुपार व्हायच्या आत काम संपलं. पुढचं कधी, ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. बाहेर पडून नखं बघितली. रंग लागलासुद्धा नव्हता. मला रडू येईल असं वाटलं, पण त्याच वेळी डोक्यात आलं की मेथीला आज पाणी घातलेलं नाही, आणि मी भराभर चालायला लागलो.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. संध्या ओट्यापाशी जमिनीवर बसून जेवत होती. या वेळी मी गच्चीवर असायचो. तिने मला पाहिलं आणि ताट मांडीकडे ओढलं, पण उशीर झाला होता. ताटातला भात गुलाबी होता. बाजूला लसणाची फोडणी दिलेला माठ, कोवळा, देठांसकट.

"हे काय?"

"जेवतेय."

"आपला?"

तिची बोटं भातात तशीच.

"टाकते म्हणालीस ना?"

"टाकत नव्हते."

"कधीपासून?"

"आई येऊन गेली तेव्हापासून. रोज दुपारी. पोरगी कॉलेजात, तुम्ही वर." तिने एक शीत ताटाच्या कडेला सरकवलं. "त्या वेळी पहिलं पोरीला वाढलं होतं. कोवळं आहे म्हणून. आपण नंतर खाऊ म्हटलं. या वेळी म्हटलं, आधी मी."

मी चपलाही काढल्या नव्हत्या. मला राग आला, खूप राग आला. मी वर उभा राहून धारांचे रंग बघत होतो, बादल्या बदलत होतो, आणि इथे खाली ही बाई रोज एकटी बसून गिळत होती. "आणि काही झालं असतं तर?"

"तर खाणं बंद केलं असतं. मग मी म्हणाले असते, आईच्या मातीतच काही खोट होती."

"मला खरं नसतं सांगितलंस?"

"नाही." तिने वर पाहिलं. "तुम्ही इतक्या महिन्यांनी शीळ घालत जिना उतरायला लागलाय."

मी शीळ घालतो हे मला माहीत नव्हतं. मी चपला काढल्या, तिच्यासमोर खाली बसलो. माझा डबा उघडायचं मला सुचलंच नाही. "मला वाढ," मी म्हणालो. तिने माझ्या हातांकडे बघितलं. "आधी धुऊन या." मी मोरीत जाऊन हात धुतले. पाणी स्वच्छ गेलं. परत आलो तेव्हा तिने दुसरं ताट मांडलं होतं, भात वाढला होता, आणि ती पळी हातात धरून माझ्याकडे बघत होती. ही सलाईनच्या बाटलीखाली रात्रभर बसलेली बाई आहे, हे मला त्या नजरेत एकदम दिसलं.

"आज तुम्ही," ती म्हणाली. "दोनतीन दिवस बघू. मग पोरीला."

मी ताट दोन्ही हातांनी पुढे धरलं. तिने माठ वाढला. भात कडेकडेने गुलाबी व्हायला लागला. वाढून झालं होतं, तरी मी ताट तसंच धरून राहिलो, का ते माझं मलाच कळलं नाही. संध्याने पातेल्याकडे वळून, माझ्याकडे न बघता, डाव्या हाताने आणखी थोडी भाजी वर टाकली.